साडेत्रेपन्न तास

म्हैसूरहून एच. डी. कोटेच्या रस्त्याला लागणारी माणसं साधारणपणे दोनच कारणांसाठी तिकडे जातात. एक तर ती तिथलीच असतात. त्यांची तंबाखूची नाहीतर कापसाची शेती असते, तालुक्याच्या कचेरीत काम अडलेलं असतं, नाहीतर मुलगी हँडपोस्टच्या पलीकडे दिलेली असते. किंवा मग ती बंगळूर-मुंबई-पुण्याची असतात, अंगात मातकट हिरवं, खिसेच खिसे असलेलं जाकीट असतं, आणि कबिनी नदीच्या काठी एका रात्रीसाठी आपल्या आजोबांच्या वर्षभराच्या पगाराहून जास्त पैसे मोजून वाघ दिसतो का ते बघायला ती निघालेली असतात. आमचा मित्र या दोन्हींत बसत नाही. तो पुण्याहून एच. डी. कोटेला गेला तो एका सिनेमासाठी. तोही अख्ख्या सिनेमासाठी नव्हे. सिनेमा त्याच्याकडे आहेच. त्या सिनेमातून जो भाग कापून टाकला आणि जो पुढे कुणाच्याच नजरेला पडला नाही, त्या भागासाठी.

मी सोबत गेलो, कारण वहिनींनी तशी विनंती केली होती. "भावजी, तुम्ही बरोबर असा. एकटे गेले तर तिकडून काय उचलून आणतील नेम नाही. घरात आता ठेवायला जागा फक्त देवघरात उरलीय."

त्यात अतिशयोक्ती नव्हती. या माणसाच्या घरी माळ्यावर सोळा आणि पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मचे डबे आहेत, पण ती चालवायला प्रोजेक्टर नाही. प्रोजेक्टर घेतला तर डबे ठेवायला जागा उरणार नाही, असा त्याचा हिशेब आहे. पलंगाखाली व्हीएचएसच्या कॅसेटी आहेत आणि व्हीसीआर बंद पडून कित्येक वर्षं झाली. दोन रिळं फ्रिजमध्ये असतात, भाजीच्या कप्प्यात, कारण थंडीत फिल्म टिकते. त्यामुळे भाजी बाहेर असते, आणि ती टिकत नाही. घरात शिरताना एक आंबूस वास येतो. नवख्या पाहुण्याला वाटतं, लोणचं बिघडलं. पण लोणचं ठणठणीत असतं. अॅसिटेटची फिल्म म्हातारी झाली की तिच्यातून अॅसेटिक आम्ल सुटायला लागतं, म्हणजे शुद्ध भाषेत सिनेमाचा शिरका होतो. जाणकार त्याला व्हिनेगर सिंड्रोम म्हणतात आणि तो एका डब्यातून शेजारच्या डब्याला लागतो. आमचा मित्र दारातच नाक वर करून सांगतो, "हा वास कृष्णधवलचा आहे." वहिनी म्हणतात, "मोज्यांचा आहे."

तर या माणसाला एच. डी. कोटे कुठून सुचलं, ते सांगायला हवं.

एच. डी. कोटे म्हणजे हेग्गडदेवनकोटे. एवढं लांब नाव रोज उच्चारायला तिथल्या लोकांनाही सवड नाही. या तालुक्यात, कबिनी नदीच्या काठी करापूर नावाचं गाव आहे. तिथे १९२४ साली एका माहुताच्या घरी साबू नावाचा मुलगा जन्मला. वडील म्हैसूरच्या महाराजांच्या पदरी. ते लवकर गेले आणि पोरगं हत्तीखान्यात वाढलं. १९३५ साली रॉबर्ट फ्लॅहर्टी नावाचे अमेरिकन दिग्दर्शक किपलिंगच्या गोष्टीवर सिनेमा करायला म्हैसूरला आले. त्यांच्या माणसांना हत्तीखान्यात हा अकरा वर्षांचा मुलगा दिसला. त्याला इंग्रजीचा गंध नव्हता, पण राजवाड्याच्या ऐरावत नावाच्या थोरल्या हत्तीशी तो आपल्या घरच्या माणसाशी बोलावं तसा बोलत होता. झालं. 'एलिफंट बॉय' १९३७ मध्ये पडद्यावर आला, त्याच वर्षी व्हेनिसला त्याच्या दिग्दर्शनाला बक्षीस मिळालं, आणि करापूरचा साबू जगभर पोचला. पुढे 'थीफ ऑफ बगदाद', 'जंगल बुक', अमेरिकेचं नागरिकत्व, महायुद्धात अमेरिकी बॉम्बफेकी विमानाच्या शेपटाकडची तोफ, पदक, आणि १९६३ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी मृत्यू. एच. डी. कोटे तालुक्यातून निघून इतक्या थोड्या वर्षांत इतक्या लांब पोचलेला दुसरा माणूस माझ्या ऐकण्यात नाही.

पण आमच्या मित्राला साबूत रस नाही. त्याला रस आहे तो फ्लॅहर्टींच्या खर्चिकपणात. या गृहस्थांची कामाची पद्धत अशी, की आधी कॅमेरा चालू करायचा आणि गोष्ट काय ते मग बघायचं. म्हैसूरला महाराजांनी चित्तरंजन महाल राहायला दिला, हत्ती दिले, माणसं दिली, जंगल दिलं. फ्लॅहर्टी वर्षभराहून जास्त काळ रमले आणि त्यांनी जवळजवळ तीन लाख फूट फिल्म खर्ची घातली. लंडनला बसलेल्या अलेक्झांडर कोर्डा या निर्मात्याला हिशेब कळेना. त्यानं आपल्या भावाला, झोल्तानला, धाडलं आणि शेवटी सगळ्यांना साबूसकट इंग्लंडला बोलावून घेतलं. उरलेला सिनेमा लंडनजवळच्या डेनममध्ये पुरा झाला. हत्तींच्या नाचासाठी तिथे हत्तीचे खोटे पाय बनवून घेतले होते. म्हैसूरच्या हत्तींनी वर्षभर मेहनत करावी आणि ऐन नाचाच्या वेळी इंग्रजी पाय पुढे यावेत, तो काळच तसा होता.

आता गणित. तीन लाख फूट म्हणजे पंचावन्न तास. सिनेमा साधारण ऐंशी मिनिटांचा. मग बाकी राहिले ढोबळमानानं साडेत्रेपन्न तास. आमच्या मित्राच्या आयुष्याचा अर्थ या वजाबाकीत आहे.

मी त्याला म्हटलं, "अरे, पण त्या ऐंशी मिनिटांत जे चांगलं होतं ते घेतलं असेलच ना? उरलं ते टाकाऊ म्हणूनच उरलं."

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी पंढरपुरात उभा राहून विठोबाची उंची विचारली असावी.

या लोकांचं मानसशास्त्र मी जवळून पाहिलेलं आहे. 'एलिफंट बॉय'ची एक खराब, तिसऱ्या पिढीची कॅसेट त्यानं कोणे एके काळी मुंबईच्या चोर बाजारातून मिळवली होती. तिच्यात हत्ती आणि पाऊस यांत फरक कळत नव्हता. त्या कॅसेटची गोष्ट तो अर्धा तास सांगायचा. पुढे २०११ साली अमेरिकेच्या क्रायटेरियन कंपनीनं साबूच्या तीन सिनेमांचा संच बाजारात आणला, 'एलिफंट बॉय' त्यात स्वच्छ, लखलखीत. कुणालाही ऑनलाइन मागवता येईल असा. त्या बातमीनंतर हा माणूस काही दिवस कुणाशी धड बोलला नाही. मी समाधानानं म्हटलं, "चला, आता हत्ती दिसेल." तो म्हणाला, "हत्ती आता कुणालाही दिसेल." त्या 'कुणालाही' या शब्दावर जो जोर होता, तो अमराठी माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. पुणेकराला गरज नाही.

तेव्हापासून त्यानं आपला मुक्काम हलवून साडेत्रेपन्न तासांकडे नेला. तिथे क्रायटेरियन पोचायची भीती नाही.

साबूचे बाकीचे सिनेमे तो ठेवतो, पण त्यांतही निवड अशी, की बघणाऱ्यानं कपाळाला हात लावावा. 'थीफ ऑफ बगदाद' नको, तो चांगला आहे. त्याला हवा १९५२ चा इटालियन सिनेमा, ज्यात विट्टोरिओ डी सिका साध्या शाळामास्तराच्या भूमिकेत आहेत, साबू राजा आहे आणि मास्तराला तो हत्ती भेट देतो. त्याला हवा 'ड्रम', कारण १९३८ मध्ये मुंबईत त्याच्याविरुद्ध निदर्शनं झाली आणि तो इथे बंद पडला. 'मॅन-ईटर ऑफ कुमाऊं' हवा, ज्याबद्दल खुद्द जिम कॉर्बेटचं मत होतं म्हणे की त्यात उत्तम अभिनय वाघाचाच आहे. आणि सगळ्यांत जास्त हवा तो 'मदर इंडिया', ज्यात बिरजू साबू आहे. हा सिनेमा मिळत नाही, कारण तो बनलाच नाही. मेहबूब खान यांच्या मनात साबूचं नाव होतं, जमलं नाही, सुनील दत्त आले. पण म्हणून काय झालं? दुर्मीळ सिनेमाच्या बाजारात न बनलेल्या सिनेमाला सर्वांत वरचा भाव असतो. तो कुणाकडेही नसतो, त्यामुळे आपल्याकडे नाही याचं दुःख होत नाही.

म्हैसूरला आम्ही हुणसूर रस्त्यावरचा चित्तरंजन महाल बघायला गेलो. या महालाचं पुढे चित्रपटांच्या स्टुडिओत आणि अलीकडे छानशा हॉटेलात रूपांतर झालं. बागेत परदेशी पाहुणे शांतपणे चहा पीत बसले होते. आमचा मित्र जिन्याखालचं लाकडी कपाट बोटानं वाजवून बघत होता. पोकळ आवाज आला की त्याचे डोळे चमकायचे. तिथल्या एका मुलानं अदबीनं विचारलं, "सर, वाळवी आहे का?" त्याला वाटलं आम्ही औषध मारायला आलोय. मित्र म्हणाला, "नाही, फ्लॅहर्टी." मुलगा म्हणाला, "ते चेकआउट झाले असतील."

एच. डी. कोटेत चौकशीला खरी सुरुवात झाली. मित्राला कन्नड येत नाही, पण आत्मविश्वास आहे. एका किराणा दुकानात त्यानं ठासून सांगितलं, "साबू बेकु." दुकानदारानं क्षणभरही न दवडता म्हैसूर सँडलच्या दोन वड्या काढून समोर ठेवल्या. कन्नडमध्ये साबूनु म्हणजे साबण, हे मला पैसे दिल्यावर कळलं. मित्रानं मोबाइलवर हत्तीवर बसलेल्या मुलाचा फोटो दाखवला. दुकानदार खूष झाला. "आने! अर्जुन!" अर्जुन म्हणजे दसऱ्याच्या मिरवणुकीत आठ वर्षं सोन्याची अंबारी वाहिलेला हत्ती, याच तालुक्यातल्या बळ्ळे छावणीतला. २०२३ मध्ये रानहत्ती पकडण्याच्या मोहिमेत तो गेला, ते सांगताना त्या माणसाचा आवाज बदलला. दुकानात आणखी दोघेतिघे जमले. अर्जुनाबद्दल प्रत्येकाकडे सांगायला काही होतं. साबूबद्दल कुणाकडेच नव्हतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. गावाला लक्षात राहतो तो गावात राहिलेला.

मित्र मात्र हिरमुसला. "यांना आपल्या मातीतला सिनेमा माहीत नाही!" मी विचारलं, "तुझ्या गल्लीत कोण राहून गेलं, तुला माहीत आहे?" त्यानं विषय बदलला. तेवढ्यात एका वयस्क गृहस्थांनी 'काकनकोटे' हे नाव घेतलं आणि मित्राचे कान टवकारले. पण ते बोलत होते १९७७ च्या कन्नड सिनेमाबद्दल. मास्ती वेंकटेश अय्यंगारांचं नाटक, सी. आर. सिंहांचं दिग्दर्शन, सी. अश्वथ यांचं संगीत, आणि गोष्ट इथल्याच जंगलातल्या कुरुबा आदिवासींची. गृहस्थांनी त्यातलं गाणं तिथेच, साबणाच्या खोक्यावर ठेका धरून, म्हणून दाखवलं. माझ्या मते पूर्ण प्रवासातला खरा सिनेमा तोच. मित्रानं तो वहीत नोंदवला नाही, कारण तो लोकांना आठवतो.

खुद्द काकनकोट्याचं जंगल, जिथे म्हैसूर दरबाराचे खेड्डे व्हायचे, रानहत्तींचे कळप ढोल-ताशांनी हाकत आणून कोंडायचे आणि व्हाइसरॉयपासून संस्थानिकांपर्यंत पाहुणे मचाणावर बसून ते बघायचे, ते आता पुष्कळसं कबिनीच्या पाण्याखाली आहे. शेवटचा खेड्डा १९७१ मध्ये झाला, धरण १९७४ चं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की मोकळ्या गवतावर हत्ती शेकड्यांनी येतात, कुणी हाकत नसताना. ते बघण्यासारखं आहे. आमच्या मित्रानं ते पाहिलं नाही. तो हातात 'एलिफंट बॉय'मधलं एक छायाचित्र धरून पलीकडच्या टेकडीची रेघ जुळवत होता.

सफारीच्या जीपमध्ये आमच्याबरोबर बंगळूरचे एक गृहस्थ होते. त्यांच्या मांडीवर तोफेसारखं भिंग होतं. ते वाघ बघायला आलेले नव्हते. वाघ त्यांनी पाहून सोडून दिले होते. त्यांना हवा होता कबिनीचा काळा बिबट्या. हा बिबट्या इतका गाजला की नॅशनल जिओग्राफिकनं त्याच्यावर चित्रपट केला, आणि लोक त्याच्यासाठी वर्षानुवर्षं फेऱ्या मारतात. काळा बिबट्या म्हणजे वेगळा प्राणी नव्हे, बिबट्याच, फक्त रंगद्रव्य जास्त. उजेडात नीट पाहिलं तर त्याच्यावरही ठिपके दिसतात. मी त्या गृहस्थांना विचारलं, "साधा बिबट्या दिसला तर?" ते म्हणाले, "मोबाइलवर काढू एखादा." मी मित्राकडे पाहिलं. त्याला त्या माणसाचं बोलणं अगदी योग्य वाटत होतं. दोघांची पुढे चांगली गट्टी जमली. एकाला जंगलातलं जनावर नको होतं, दुसऱ्याला सिनेमातलं, आणि दोघांचा वाटाड्या बिचारा प्रत्येक हरिण दाखवत होता.

तेवढ्यात खरोखर बिबट्या आला. साधा, पिवळा, ठिपक्यांचा. आमच्या उजवीकडच्या झाडावर, इतका जवळ की त्याच्या मिश्या मोजाव्यात. मी श्वास रोखला. बंगळूरच्या गृहस्थांनी जांभई दिली. आणि आमचा मित्र फोटो डोळ्यांसमोर धरून पुटपुटला, "जरा पुढे घ्या हो गाडी. त्यानं फ्रेम अडवलीय."

संध्याकाळी लॉजवर मी त्याला सांगून टाकलं, की साबूचा १९५६ चा 'ब्लॅक पँथर' नावाचा एक सिनेमा आहे, तो तुझ्याकडे नाही. तो उठून फोन करायला गेला.

हा रोग मराठी माणसाला नवा नाही. आपल्याकडे त्याला खुराकही भरपूर आहे. मूकपटांच्या काळात भारतात तेराशेच्या वर सिनेमे बनले आणि आज जेमतेम तीसएक उरलेत, तेही काही तुकड्यांत. तोरण्यांचा 'श्री पुंडलिक', १९१२, गेला. प्रभातचा 'सैरंध्री', १९३३, ज्याच्या रंगांसाठी शांताराम जर्मनीला गेले, गेला. पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१, गेला. तो कसा गेला ते पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर सांगत. नायर त्या बोलपटाचे दिग्दर्शक अर्देशीर इराणी यांच्याकडे गेले, तेव्हा म्हाताऱ्यानं सांगितलं, रिळं आहेत कुठेतरी, मुलगा देईल. बाहेर पडताना मुलगा म्हणाला, ती मी केव्हाच चांदी काढून घेऊन संपवली. जुन्या फिल्ममध्ये चांदी असते आणि ती वितळवून विकता येते. देशाचा पहिला बोलपट असा कुणाच्या तरी पैंजणात वाजतोय.

आणि नायट्रेटची फिल्म पेट घेते. नुसती पेट घेत नाही, जळताना स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच तयार करते, म्हणून पाण्यात बुडवली तरी विझत नाही. पुण्यात २००३ च्या जानेवारीत नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि प्रभातसकट कितीतरी जुना साठा गेला. फ्लॅहर्टींनाही हा अनुभव होता. 'नानूक' या त्यांच्या सिनेमाचं पहिलं चित्रीकरण, तीस हजार फूट, त्यांनी स्वतःच्याच सिगारेटीनं जाळलं. मग परत जाऊन नव्यानं केलं आणि ते जगप्रसिद्ध झालं. आमच्या मित्राच्या मते पहिलं जास्त चांगलं होतं.

जे गेलं ते जास्त चांगलं असतंच, हा या पंथाचा मूळ सिद्धांत आहे आणि तो खोडून काढायची सोय नाही. सोय झाली की पंचाईत होते. कमल स्वरूपांचा 'ओम दर-ब-दर' १९८८ चा. वर्षानुवर्षं तो पुसट कॅसेटींच्या प्रतींतून हातोहात फिरला. ज्यानं पाहिला तो गूढ हसायचा, ज्यानं नाही पाहिला तो त्याहून गूढ हसायचा. २०१४ च्या जानेवारीत तो रीतसर थिएटरात लागला. तिकीट काढून कुणीही बघावा असा. पुण्यात मी बघायला गेलो तेव्हा पुढच्या रांगेतले दोन जुने भक्त खिन्न बसले होते. "कॅसेटवर जास्त कळायचा," एक म्हणाला. त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात 'घाशीराम कोतवाल' दाखवला गेला. १९७६ चा, तेंडुलकरांच्या नाटकावरचा, हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि हेच कमल स्वरूप यांनी मिळून केलेला, ओम पुरींचा पहिला सिनेमा. शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला घाशीराम बघायला बर्लिनवाल्यांची वाट बघावी लागली. त्यांच्या संग्रहात एक प्रत सुखरूप होती, त्यांनी ती दुरुस्त केली. आमच्या मित्राला ही बातमी मी उत्साहानं सांगितली तर तो म्हणाला, "अरेरे."

या 'अरेरे'वर माझा राग आहे, आणि तो मी लपवत नाही.

कारण याच वेडाची दुसरी जात आपण पाहिली आहे. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी हाच पी. के. नायर नावाचा तरुण केरळी माणूस तिथे लागला आणि १९९१ पर्यंत त्यानं दुसरं काही केलं नाही. फाळक्यांच्या घरी नाशिकला जाऊन त्यानं पेटीतले तुकडे मिळवले. 'राजा हरिश्चंद्र'च्या चारपैकी पहिलं आणि शेवटचं रीळ आज आहे ते त्यामुळे. (तेही १९१३ चं की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेलं, यावर अभ्यासक भांडतात. हौशी माणसाला याहून गोड भांडण नाही.) 'कालिया मर्दन'चे तुकडे त्यानं खुद्द फाळक्यांच्या टिपणवहीवरून जुळवले. हा माणूस भंगारवाल्याकडे, गोदामात, वितरकांच्या जिन्याखाली, कुठेही डबा हुंगत जायचा. लक्षण सगळं आमच्या मित्राचंच. फरक असा, की डबा मिळाला की नायर तो लोकांना दाखवायचे. याच कर्नाटकात, शिवमोग्गा जिल्ह्यातल्या हेग्गोडूला, के. व्ही. सुब्बण्णांच्या नीनासम या संस्थेत, सुपारी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना त्यांनी जगातले नावाजलेले सिनेमे दाखवले, आणि ती माणसं त्यांवर वर्षानुवर्षं बोलत राहिली. आमच्या मित्रानं आपला संग्रह आजवर कुणाला दाखवलेला नाही. मी मागितला तर म्हणतो, "प्रत नाजूक आहे." हार्ड डिस्क नाजूक कशी, हे मला कळलेलं नाही. एकदा मी विचारलं, "यातलं तू स्वतः किती पाहिलंयस?" तो म्हणाला, "पाहायचं काय? आहे ना."

वहिनींना एक प्रश्न पडतो आणि तो मला पडलेल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा बरा आहे. त्या म्हणतात, "समजा उद्या ते साडेत्रेपन्न तास सापडले, तर हे बसून बघतील का?" मी हिशेब केला. रोज दोन तास म्हटलं तरी सत्तावीस दिवस. हत्ती अंघोळ करतोय, हत्ती ऊस खातोय, हत्ती उभा आहे, साबू झोपलाय, ढग आलेत म्हणून सगळे थांबलेत. आवाज नाही. वहिनी म्हणाल्या, "मी बघीन. गहू निवडता निवडता." मला वाटतं, तसं झालंच तर ते बघण्याचा हक्क त्यांचाच.

करापूरहून निघताना मित्रानं नदीकाठची मूठभर माती प्लास्टिकच्या पिशवीत भरून घेतली. ती आता फ्रिजमध्ये रिळांशेजारी आहे. साबणाच्या वड्या वहिनींनी वापरायला काढल्या आणि त्यांच्या मते प्रवासात तेवढंच कामाचं आणलं.

तर वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर चढाल तेव्हा एवढं करा. गंजका गोल पत्र्याचा डबा दिसला, आंबूस वास आला, तर तो भंगारात देऊ नका. कडेला 'नायट्रेट' असं इंग्रजीत छापलेलं दिसलं, तर तो गॅसपासून आणि सिगारेट ओढणाऱ्या मेहुण्यापासून दूर ठेवा, उघडून खेळू नका. आजोबांनी हौसेनं काढलेली वारी असेल, गावच्या जत्रेतली कुस्ती असेल, कुणाची मुंज असेल, तरी ती कुणाच्या तरी उपयोगाची आहे. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, त्यांना आधी कळवा. 'सैरंध्री' निघाला तर पेढे वाटा, मीही येईन. फक्त आमच्या मित्राच्या कानावर घालू नका. तो त्याच रात्री तुमच्या घरी येईल, डबा ताब्यात घेईल, आणि मग 'सैरंध्री' खरोखरच कुणालाही मिळणार नाही.